कुणासाठी, कशासाठी : इंग्लंडच्या चर्चशाळा आणि मुलांचं दातृत्व

ऑक्टोबर उजाडला की इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांच्या सभागृहात डबे रचले जाऊ लागतात. बेक्ड बीन्स, सूप, टोमॅटो, पास्त्याची पाकिटं, चहा, टूथपेस्ट. सुगीच्या उपकारस्तुतीचा हा सण. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावचे पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ साली तो आपल्या चर्चमध्ये नव्या रूपात सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. तेव्हा वेदीपुढे गव्हाच्या पेंढ्या, भोपळे आणि सफरचंदं ठेवत. आता ताज्या भाजीपेक्षा डबाबंद वस्तू मागतात, कारण हे दान बहुतेक ठिकाणी जवळच्या फूड बँकेत जातं आणि तिथे टिकाऊ अन्न लागतं. ट्रसेल ट्रस्टची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत उघडली. २०२३-२४ या एका वर्षात या संस्थेच्या जाळ्यातून ३१ लाखांहून अधिक शिधापार्सलं वाटली गेली, त्यातली ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होती.

हे आकडे सभागृहातल्या त्या डब्यांशेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतो. सोमवारी डबा घेऊन येणाऱ्या मुलाच्या शेजारी बसलेलं मूल शुक्रवारी तसाच डबा घरी उघडत असेल, तर आपण मुलांना नेमकं काय शिकवतो आहोत? इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडचा आहे, कॅथलिक शाळा वेगळ्याच. कित्येक खेड्यांत ती एकच शाळा असते. शहरांत तिथे हिंदू, मुस्लिम, शीख घरांतली मुलं असतात, त्यांत मराठी मुलंही आली. त्यामुळे या शाळा परोपकार कसा शिकवतात हा केवळ ख्रिस्ती मंडळींपुरता विषय राहत नाही. महाराष्ट्रातल्या मिशन शाळांचं आणि कॉन्व्हेंटचं मूळही याच परंपरेत आहे, म्हणून तो आपल्याही जवळचा आहे.

शाळेचं वर्ष पाहिलं तर दानाच्या निमित्तांना खंड नसतो. सुगीनंतर नोव्हेंबरात बीबीसीचा ‘चिल्ड्रेन इन नीड’ येतो. १९८० पासून चालत आलेला हा दूरचित्रवाणीवरचा निधिसंकलनाचा कार्यक्रम डोळ्यावर पट्टी बांधलेल्या पिवळ्या अस्वलामुळे मुलांच्या चांगला ओळखीचा आहे. डिसेंबरात ख्रिस्तिंगल ही मेणबत्त्यांची उपासना, मग लेंटचा उपवासकाळ, मार्चमध्ये लाल नाकांचा ‘रेड नोज डे’, मे महिन्यात ख्रिश्चन एड या मदतसंस्थेचा सप्ताह. मधूनमधून केकविक्री, प्रायोजित चालणं, प्रायोजित वाचन, आणि गणवेशाऐवजी घरच्या कपड्यांत येऊन एक पौंड द्यायचा दिवस. या यादीतल्या प्रत्येक गोष्टीमागे चांगला हेतू आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हेतू चांगला असणं आणि मूल काही शिकणं या दोन वेगळ्या बाबी आहेत.

हा फरक समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या धर्मादाय शाळांतली मुलं स्वतःच दानाचा विषय होती. १६९९ मध्ये स्थापन झालेल्या एसपीसीके या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेच्या प्रोत्साहनाने अशा शाळा गावोगाव निघाल्या. निळे, करडे, हिरवे असे ठरावीक रंगांचे कपडे घालून ही मुलं रांगेत चर्चला जात, आणि देणगीदारांना आपल्या पैशाचं फळ डोळ्यांनी दिसे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दरवर्षी हजारो धर्मादाय मुलांची उपासना होत असे. संगीतकार हायडन यांनी ते गायन ऐकलं होतं. विल्यम ब्लेक यांनी याच प्रसंगावर ‘होली थर्सडे’ या एकाच नावाने दोन कविता लिहिल्या, एक १७८९ मध्ये आणि दुसरी १७९४ मध्ये. पहिलीत त्या बालआवाजांचं तेज आहे, दुसरीत श्रीमंत देशातल्या उपाशी मुलांबद्दलचा संताप. दान करणाऱ्याचं समाधान आणि दान लागावं ही लाज, दोन्ही एकाच कवीला पाच वर्षांच्या आत दिसली.

याच काळात चर्चच्या शाळांचा पाया घालणारी एक पद्धत भारतातून तिकडे गेली. अँड्र्यू बेल हे पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचं काम पाहत होते. शिक्षक पुरे पडेनात, तेव्हा त्यांनी मोठ्या मुलांना धाकट्यांना शिकवायला लावलं. मलबारच्या शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली होती, तीही युक्ती त्यांनी उचलली. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाची हकिगत छापली आणि १८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडची नॅशनल सोसायटी स्थापन झाली, ती ‘मद्रास पद्धत’ हाताशी धरूनच. १८१५ साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतही हीच पद्धत आली. देवळालीच्या बार्न्स स्कूलला ज्यांचं नाव आहे ते आर्चडीकन बार्न्स या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते. या पद्धतीत घोकंपट्टी होती, शिस्तीचा जाच होता, स्वस्तात काम उरकण्याची घाई होती. तरीही मोठ्या मुलाने लहानग्याचं शिक्षण आपल्या अंगावर घ्यायचं, हा तिचा गाभा मला मोलाचा वाटतो. आज कित्येक चर्चशाळांत सहावीचं मूल पहिल्या वर्गातल्या एका मुलाला सोबत करतं. त्याला जेवणाच्या रांगेत नेतं, त्याच्यासोबत वाचतं, मैदानावर त्याच्याकडे लक्ष ठेवतं. या कामात पैसा कुठेच नसतो, आणि म्हणूनच घरची परिस्थिती कशीही असली तरी ते प्रत्येक मुलाला करता येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र उलटलं. ज्यांना दान मिळत होतं ती मुलं दाते बनली. १८४४ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने ब्रिटनभरच्या रविवारच्या शाळांतल्या मुलांना दक्षिण समुद्रातल्या बेटांवर जाणाऱ्या जहाजासाठी पैसे गोळा करायला सांगितलं. मुलांनी सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम जमवली आणि ‘जॉन विल्यम्स’ नावाचं जहाज पाण्यावर उतरलं. वीस वर्षांनी ते फुटलं, तेव्हा मुलांनी पुन्हा पैसे जमवून दुसरं उभं केलं. अटलांटिकपलीकडे अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८५६ मध्ये ‘मॉर्निंग स्टार’ जहाजासाठी मुलांना दहा-दहा सेंटचे भाग विकले. हेच ते अमेरिकन बोर्ड, ज्याची अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आणि अहमदनगरला काम करत होती. फ्रान्समध्ये नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ मध्ये कॅथलिक मुलांसाठी ‘पवित्र बालपण’ ही संघटना काढली : मुलांनी मुलांसाठी रोज एक प्रार्थना आणि महिन्याला एक नाणं.

या मोहिमा विलक्षण यशस्वी झाल्या, आणि त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. मुलांना काय होणार आहे ते कळत होतं. जहाजाला नाव होतं, शिडं होती, त्याच्या बातम्या मुलांच्या मासिकात छापून येत. ‘आपलं जहाज’ असं मुलं म्हणू शकत होती. पण पलीकडच्या किनाऱ्यावर कोण राहतं, याचं जे चित्र मुलांच्या मनात भरलं जाई ते मात्र अंधारात चाचपडणाऱ्या, आपल्याहून कमी प्रतीच्या माणसांचं असे. आयर्लंडमधल्या कॅथलिक शाळांत विसाव्या शतकातही ‘काळ्या बाळांसाठी’ डब्यांत पेनी गोळा होत, आणि ठरावीक रक्कम भरली की दूरच्या बाळाचं नाव ठेवण्याचा मान मिळे. ज्या मुलांनी हे पैसे दिले त्यांच्यापैकी कित्येकांना मोठेपणी त्या डब्यांची लाज वाटली आहे. १९७३ मध्ये आयर्लंडच्या बिशपांनी स्थापन केलेल्या त्रोकरे या संस्थेची लेंटमधली कागदी पेटी आज तिथल्या घराघरांत आणि शाळांत असते. त्या पेटीसोबत वर्गात वापरायचं शिक्षणसाहित्यही येतं. ते दुष्काळ, जमीन, कर्ज, हवामान यांबद्दल बोलतं. बदल झाला आहे, पण सगळीकडे नाही.

या सगळ्या इतिहासात मराठी मुलूख बहुतेक वेळा पैसे पोचण्याच्या टोकाला होता. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत अमेरिकन मराठी मिशनने मोठ्या संख्येने अनाथ मुलं सांभाळली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आल्या. त्यांच्या पोटापाण्यासाठी ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने अमेरिकेत निधी उभारला आणि तिकडच्या रविवारच्या शाळांतल्या मुलांनी आपली नाणी दिली. तो पैसा जीव वाचवणारा होता, हे निर्विवाद. आपल्यापैकी काहींच्या पणजोबा-पणजीचं जगणं त्यावर उभं आहे. त्याच वेळी, आपलं पोर कुणाच्या तरी वर्गात भिंतीवरच्या चित्रात हात पसरून उभं होतं, हेही खरं. देणाऱ्या मुलाला काय शिकवावं याचा विचार करताना या टोकाकडून पाहणं आपल्याला जास्त सोपं जायला हवं.

मुलं स्वभावतः देणारी असतात का? गेल्या वीस वर्षांत मानसशास्त्राने यावर बरंच काम केलं आहे आणि त्यातलं काही शाळांच्या फार उपयोगाचं आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की दीड वर्षाची बाळंही अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक प्रयोग केला. मदतीबद्दल खेळणं मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली. नुसती शाबासकी मिळालेल्यांत, किंवा काहीच न मिळालेल्यांत, अशी घट झाली नाही. सर्वांत जास्त पैसे आणणाऱ्या वर्गाला पिझ्झा पार्टी देणाऱ्या शाळांनी हा प्रयोग लक्षपूर्वक वाचावा असं मला कळकळीने वाटतं. ज्या मुलाला द्यावंसं वाटत होतं त्याला आपण कमवायला शिकवतो आहोत.

प्राथमिक वयाबद्दलचा आणखी एक अभ्यास २०१३ चा आहे. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर वाटायला दिले. निम्मे द्यायला हवेत, असं लहान-मोठी सगळीच मुलं म्हणाली. प्रत्यक्षात लहानांनी जास्त स्वतःकडे ठेवले. सात-आठ वर्षांची मुलं मात्र बोलल्याप्रमाणे वागली. म्हणजे नियम माहीत असण्यात अडचण नाही. तो पाळण्याची ताकद याच शाळेच्या वयात येते, आणि सरावाने येते. ज्याला प्रार्थनासभेत दहा वेळा ‘वाटून घ्या’ असं सांगितलं जातं पण वाटण्याजोगं काहीच हाती दिलं जात नाही, त्या मुलाला सराव मिळतच नाही.

धर्माचं काय? २०१५ मध्ये जाँ देसेती आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध जगभर गाजला. सहा देशांतल्या हजारावर मुलांचा अभ्यास करून त्यांनी म्हटलं होतं की धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. पुढे अझीम शरीफ यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा कळलं की देशांना दिलेले क्रमांक खऱ्या संख्या असल्यासारखे गणितात वापरले गेले होते. चूक दुरुस्त केल्यावर निष्कर्ष उरला नाही, आणि २०१९ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. मथळे मात्र आजही अनेकांच्या लक्षात आहेत. उलट बाजूने, ख्रिस्ती शिकवणीमुळे मुलं आपोआप जास्त उदार होतात असंही कुणी भक्कमपणे दाखवलेलं नाही. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. काहींना बायबलमधल्या चांगल्या शोमरोनीच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या, दाखल्यावर भाषण द्यायचं होतं. वाटेत दारात एक माणूस कण्हत, खोकत पडला होता. घाईत असलेल्यांपैकी दहा टक्के थांबले, घाई नसलेल्यांपैकी त्रेसष्ट टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी आहे की दुसरा काही, याने लक्षणीय फरक पडला नाही. शाळेच्या वेळापत्रकात थांबायला जागा आहे का, हा प्रश्न त्यामुळे शोमरोनीचा धडा किती वेळा घेतला यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. खाली पडलेल्या मित्राला उठवताना वर्गाला उशीर झाला म्हणून मुलाला बोलणी बसत असतील, तर धडा शिकवून झालेलाच आहे.

निधिसंकलनातून मुलं काय शिकतात, यावर केंट विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन बॉडी यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत काम केलं आहे. त्यांना जे दिसलं ते बहुतेक पालकांना ओळखीचं वाटेल. मुलांनी भाग घेतलेला असतो, कपडे बदललेले असतात, केक खाल्लेला असतो. पैसे कुणासाठी होते हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. निर्णय मोठ्यांनी घेतलेले असतात. पण त्याच मुलांना वेळ दिला, गोष्टी वाचून दाखवल्या आणि बोलतं केलं, तर हे योग्य आहे का, असं का होतं, आपण का द्यायचं असे प्रश्न ती स्वतः विचारू लागतात. मला हा या विषयावरचा सर्वांत आशादायक शोध वाटतो. मुलं विचार करायला तयारच आहेत. त्यांना विचारलं जात नाही.

मुलांना विचार करायला मिळतो का, या कसोटीवर काही उपक्रम उतरतात, काही नाही. ख्रिस्तिंगल मला उतरताना दिसतं. मूळ मोरावियन मंडळीचं, १७४७ मध्ये जर्मनीतल्या मारिएनबोर्नचं. १९६८ मध्ये जॉन पेन्सम यांनी ते चिल्ड्रेन्स सोसायटीसाठी लिंकन कॅथीड्रलमध्ये आणलं. प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रं, त्याला लाल फीत, वर मेणबत्ती आणि चार काड्यांवर सुकामेवा किंवा गोळ्या. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, ज्योत म्हणजे त्याचा प्रकाश. १८८१ मध्ये एडवर्ड रुडॉल्फ या रविवारच्या शाळेच्या शिक्षकाने चिल्ड्रेन्स सोसायटी काढली, ती आपल्या वर्गातली दोन भावंडं भीक मागताना दिसली म्हणून. शाळेतून गायब झालेल्या मुलांमागे एक शिक्षक गेला, ही हकिगत सात वर्षांच्या मुलाला पूर्ण समजते, आणि मदत त्याच देशातल्या मुलांपर्यंत जाते.

भेटवस्तूंच्या खोक्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९९० मध्ये वेल्समधल्या रेक्सहॅमहून डेव्ह कुक यांनी रुमानियातल्या अनाथाश्रमांसाठी भेटवस्तू नेल्या, त्यातून ‘ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड’ उभं राहिलं. बुटांच्या रिकाम्या खोक्यात खेळणी, वह्या, साबण भरायचा, वरून मुलगा की मुलगी आणि वय लिहायचं. सॅमॅरिटन्स पर्स ही संस्था ते चालवते. मुलांना हे मनापासून आवडतं, कारण आपल्याच वयाच्या एका मुलाला काय आवडेल याचा त्यांना विचार करावा लागतो. यावर टीका झाली ती भेटीबरोबर धर्मप्रचाराचं साहित्य जातं म्हणून, वाहतुकीचा खर्च वस्तूंच्या किमतीच्या मानाने फार म्हणून, आणि स्थानिक बाजारातून वस्तू का घेत नाही म्हणून. मला ही टीका बरीचशी पटते. तरी शाळांनी त्यातलं जे खरं आहे, दुसऱ्या मुलाची कल्पना करणं, ते सोडू नये. काही शाळा आता तीच खोकी गावातल्या महिला-आश्रयगृहासाठी भरतात, आणि तिथल्या कार्यकर्त्या काय लागतं ते आधी सांगतात.

मूल दत्तक घेण्यासारखी प्रायोजकत्वाची पद्धतही अशीच दुहेरी आहे. भिंतीवर एका मुलाचा फोटो, दरमहा पैसे, वर्षातून पत्रं. ब्रूस विडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या, त्यात भारतही होता, कंपॅशन या संस्थेच्या प्रायोजित मुलांचा अभ्यास छापला. या मुलांचं शालेय शिक्षण एक वर्षाहून अधिक लांबलं होतं. म्हणजे मदत पोचते आणि काम करते. पण फोटोतलं मूल आभाराचं पत्र लिहिण्यास बांधलेलं असतं, आणि पत्र वाचणाऱ्या मुलाच्या मनात त्याची दुसरी कुठलीच ओळख नसते. २००६ मध्ये व्हनेसा आंद्रेओत्ती यांनी शाळांतल्या ‘सौम्य’ जागतिक नागरिकत्वशिक्षणावर हाच आक्षेप घेतला : दयेची भावना जागी होते, पण अन्याय कुठून येतो हे झाकलं जातं.

चर्च ऑफ इंग्लंडने हा आक्षेप आता स्वतःच्या तपासणीत आणला आहे. चर्चशाळांची वेगळी धार्मिक तपासणी होते, तिला सियाम्स म्हणतात. २०१८ च्या आराखड्यात तिथे ‘धाडसी पाठपुरावा’ अशा अर्थाची अपेक्षा आली, म्हणजे मुलांनी अन्यायाविरुद्ध बोलावं, पत्र लिहावं, बदल मागावा. २०२३ चा आराखडा थेट विचारतो की शाळा न्याय आणि जबाबदारीची संस्कृती कशी घडवते. जॉन सेंटामू यॉर्कचे आर्चबिशप असताना सुरू झालेला ‘यंग लीडर्स अवॉर्ड’ शाळकरी मुलांना आपल्या गल्लीतलं एखादं काम शोधून पार पाडायला लावतो. कॅथलिक प्राथमिक शाळांत ‘मिनी विनीज’ गट आहेत. विसाव्या वर्षी १८३३ मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट द पॉल मंडळ काढणाऱ्या फ्रेडरिक ओझानाम यांचा हा वारसा. आधी पाहायचं, मग विचार करायचा, मग करायचं, हा या गटांचा क्रम साधा आहे आणि पैशाच्या डब्याला त्यात शेवटची जागा आहे.

मुलांना न्यायाची भाषा झेपत नाही असं म्हणणाऱ्यांना १७९१ कडे पाहता येईल. गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव संसदेने फेटाळला, तेव्हा ब्रिटनमधल्या लाखो लोकांनी वेस्ट इंडिजची साखर सोडली. थॉमस क्लार्कसन यांनी या चळवळीच्या इतिहासात नोंदवलं आहे की गुलामांची कहाणी समजण्याइतक्या वयाच्या मुलांनीही सवयीचं गोड खाणं निश्चयाने बंद केलं. त्यांनी कुणाला काही पाठवलं नाही. आपल्या ताटातून काढलं. कॅथलिक स्त्रियांनी १९६० मध्ये डॉमिनिकातल्या माता-बालकांसाठी ‘कुटुंबाचा उपवास’ पाळला आणि त्यातून दोन वर्षांनी कॅफॉड संस्था जन्मली, तिथेही हीच जाण आहे. वेल्श मिशनऱ्यांनी रुजवलेल्या मिझोरामच्या प्रेसबिटेरियन मंडळीत १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. मराठी वाचकाला मुष्टिफंड ठाऊक असल्याने हे वेगळं समजावून सांगायला नको. घरातल्या चुलीपाशी रोज हे पाहणाऱ्या मुलाला निधिसंकलनाचा खास दिवस लागत नाही.

आता पुन्हा त्या एक पौंडाकडे. चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुपने ‘शाळेच्या दिवसाची किंमत’ या उपक्रमात मुलांशी आणि पालकांशी बोलून दाखवलं की घरच्या कपड्यांचे दिवस, केकविक्री, वेशभूषा यांचा गरीब घरांवर ताण पडतो, आणि काही मुलं त्या दिवशी घरीच राहतात. २०२४ च्या आरंभी इंग्लंडमधल्या जवळजवळ एक चतुर्थांश विद्यार्थी शाळेतल्या मोफत जेवणाला पात्र होते. म्हणजे तीस मुलांच्या सरासरी वर्गात सात जण. दानाच्या दिवशी ही सात मुलं दाते म्हणून रांगेत उभी असतात, आणि हातात काही नसेल तर सगळ्यांच्या देखत नसतं. गाजावाजा न करता द्यावं ही येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण प्रत्येक चर्चशाळेत सांगितली जाते, म्हणून त्याच शाळेत गोळा झालेल्या पैशांची वर्गवार पाटी लावणं मला फार खटकतं. मार्ग अवघड नाहीत. बंद पाकीट, हवं तर रिकामं. ठरावीक रक्कम न सांगणं. वर्षात एकच कारण निवडून त्यावर महिनाभर काम, आणि ते कारण मुलांच्या परिषदेने निवडणं. वृद्धाश्रमात जाऊन वाचन, शाळेच्या बागेतली भाजी शेजारच्या स्वयंपाकघरात, ‘सेंड माय फ्रेंड टू स्कूल’ मोहिमेसारखी खासदारांना पत्रं. २०२० च्या जूनमध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डच्या मागणीमुळे सरकारने सुट्टीतल्या जेवणाबद्दलचा निर्णय फिरवला, तेव्हा शिक्षकांना वर्गात सांगायला एक ताजं उदाहरण मिळालं. मोफत जेवण घेऊन वाढलेला मुलगाच इथे सर्वांच्या वतीने बोलत होता. घेणारा आणि देणारा अशी फारकत त्या गोष्टीत टिकत नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी एक प्रश्न वर्गाबाहेरच ठरतो, आणि चर्च त्याबद्दल सर्वांत कमी बोललं आहे. वर्गात कोण बसतं? सटन ट्रस्टच्या अभ्यासांनी दाखवलं आहे की इंग्लंडमधल्या धार्मिक शाळांत, सरासरीने, आजूबाजूच्या वस्तीच्या मानाने गरीब घरांतली मुलं कमी असतात. याचं एक कारण, जिथे जागा कमी पडतात तिथे चर्चला नियमित येणाऱ्या कुटुंबांना मिळणारं प्राधान्य. आपल्याकडे २०१४ च्या प्रमति खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं, त्यामुळे खाजगी ख्रिस्ती शाळांवर पहिलीत वंचित मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचं बंधन नाही. अल्पसंख्याकांचा हक्क जपण्यामागचं घटनात्मक कारण मला मान्य आहे. पण बंधन नसलं म्हणून दार उघडायला मनाई नाही, आणि महाराष्ट्रातल्या मिशन शाळांची सुरुवात तर ज्यांना दुसरं कुठलंच दार नव्हतं अशा मुलांपासून झाली. इंग्लंडमधल्या प्रवेशसंहितेने डिसेंबर २०१४ पासून सर्व सरकारी शाळांना, धार्मिक शाळाही त्यात आल्या, गरीब घरांतल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य देण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी मुलांना एक पेनीही गोळा करावी लागत नाही. शाळेच्या नियामक मंडळाने प्रवेशाच्या नियमांत एक ओळ घालायची असते. ती घालणाऱ्या शाळा अजून थोड्या आहेत.